काचा पुसण्याचा धंदा: मराठवाड्यात सामान घेताना काय बघायचं

संभाजीनगरचा जालना रोड घ्या, लातूरचा औसा रोड घ्या, नाहीतर नांदेडमधली नवी हॉस्पिटलं. जिकडं पाहावं तिकडं काच. ती पुसायचं काम मात्र अजूनही वॉचमनकडंच असतं, एका हातात ओलं फडकं आणि दुसऱ्या हातात पेपरचा बोळा. त्यामुळे दोन पोरं आणि एक मोटारसायकल एवढ्या भांडवलावर या धंद्याला इथं जागा आहे. महालक्ष्म्यांच्या आधी आणि दसरा काढायच्या दिवसांत घरगुती कामं इतकी येतात की हात पुरत नाहीत. बाकी वर्षभर शोरूम, बँका, क्लासेस आणि दवाखाने महिन्याच्या ठरावावर धंदा चालवतात.

गडबड होते ती सामान घेताना. व्हिडिओत परदेशातला माणूस वीस फुटी दांडीला ब्रश लावून खालूनच दोन मजले धुतो, काच न पुसताच निघून जातो आणि ती आपोआप लख्ख वाळते. ते बघून लोक आधी दांडी मागवतात. पण त्या दांडीतून येणारं पाणी आणि आपल्या बोअरचं पाणी यांत फार अंतर आहे. माझं मत सरळ आहे: मराठवाड्यात या धंद्याचं सामान पाणी ठरवतं. पाणी जड आहे आणि कमी आहे, या दोन गोष्टी धरून खरेदी केली तर पहिल्या वर्षी फारसा पैसा वाया जात नाही.

सगळ्यात आधी टीडीएस मीटर

पेनाएवढं यंत्र, काहीशे रुपयांना मिळतं. पाण्यात विरघळलेले क्षार किती, ते मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये सांगतं. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक 500 पर्यंत चांगलं म्हणतं आणि दुसरी सोय नसेल तर 2000 पर्यंत चालवून घेतं. म्हणजे पिण्याला ‘चालेल’ असं पाणी काचेला अजिबात न चालणारं असू शकतं. आपल्याकडं खाली काळा पाषाण. त्यातून झिरपत आलेलं बोअरचं पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊनच वर येतं. नाथसागर, मांजरा किंवा विष्णुपुरी धरणाचं नळाचं पाणी सहसा त्यापेक्षा बरं असतं. पण नळ रोज कुठं येतो? गिऱ्हाईकाच्या टाकीत नळ, बोअर आणि टँकर असं तिन्हींचं मिसळ पाणी असतं.

मीटरवर विश्वास बसत नसेल तर एक प्रयोग करा. घरातला जुना आरसा उन्हात आडवा ठेवा. त्यावर तीन थेंब टाका: एक बोअरचा, एक नळाचा, एक वीस लिटरच्या आरओ जारचा. तासाभरानं बघा. बोअरच्या थेंबाजागी पांढरं कडं उरलेलं असतं, आणि कडेवर नख फिरवलं तर खरखर लागते. नळाचा डाग फिका असतो. जारचा थेंब कुठं टाकला होता ते शोधावं लागतं. गिऱ्हाईक ‘पुसून गेले आणि डाग तसेच’ म्हणतं तेव्हा बहुतेक वेळा ते हेच कडं असतं. डाग जुना नसतो, तुमच्याच पाण्यानं पाडलेला असतो.

उपाय महाग नाही. पाण्याचे जार आता तालुक्याच्या गावातसुद्धा घरपोच मिळतात. स्क्वीजीनं (काचेवरचं पाणी ओढून काढायची रबरी धारेची पट्टी) काम केलं तर तीन बेडरूमच्या घराच्या काचांना पाच-सहा लिटर पाणी पुरतं, म्हणजे एका जारमध्ये तीन-चार घरं निघतात. जाळ्या आणि ट्रॅक धुवायला गिऱ्हाईकाचं पाणी वापरा, काचेला मात्र जारचं. दुसरी सोय फुकटची आहे: एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी. ते हवेतल्या ओलाव्याचं असतं, त्यात क्षार जवळजवळ नसतात. एखाद्या ऑफिसचा महिन्याचा ठराव असेल तर तिथल्या एसीखाली एक कॅन लावून ठेवायला सांगा. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत हे पाणी कमी पडतं, पावसाळ्यात भरपूर मिळतं. पिऊ मात्र नका.

काच आणि खिडकी बघून मगच मापं ठरवा

सामान घेण्याआधी तुम्हाला कोणतं काम मिळणार आहे ते फिरून बघा. आपल्याकडच्या घरात बहुतेक खिडक्या अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या असतात. दोन काचेचे पल्ले, एक मच्छर जाळी आणि बाहेरून लोखंडी ग्रील. परदेशी यादीतलं सामान या ग्रीलपाशीच अडतं. अठरा इंची स्क्वीजी ग्रीलमधून बाहेर जात नाही, आणि बाहेरून शिडी लावली तर मधे ग्रील.

म्हणून घरगुती कामात पल्ला उचलून काढता आला पाहिजे. दोन्ही हातांनी पल्ला वरच्या खाचेत ढकलायचा, खालची कड ट्रॅकबाहेर आत घ्यायची आणि उतरवायचा. मोठा पल्ला एकट्यानं काढू नका. काही खिडक्यांना वर अडसर म्हणून स्क्रू किंवा प्लास्टिकची गुटखी लावलेली असते, ती आधी बघा. उतरवलेला पल्ला ठेवायला जुन्या गालिच्याचा किंवा फोमचा तुकडा सोबत लागतो. पल्ला निघत नसेल, सेक्शन (अ‍ॅल्युमिनियमची चौकट) जुना असेल, रोलर गंजला असेल, तर जबरदस्ती करायची नाही. ग्रीलच्या फटीतून हात घालून पुसायचं. त्यासाठी सहा इंची स्क्वीजी आणि चपटं पॅड वेगळं ठेवा.

शोरूमची काच सरळ, मोठी आणि ग्रील नसलेली असते. पण तिच्यावर फिल्म आहे का, ती आरशासारखी परावर्तक आहे का, हे बघून घ्या. निळी-हिरवी चमकणारी काच असेल तर लेप कुठल्या बाजूला आहे ते फॅब्रिकेटरला (खिडक्या बनवून बसवणाऱ्याला) विचारा. लेप बाहेरच्या बाजूला असेल तर पत्ती (काच खरवडायचं ब्लेड), स्टीलवूल किंवा घासणी तिला लागता कामा नये. कोपऱ्यात बारीक शिक्का दिसला तर काच टफन्ड, म्हणजे भट्टीत तापवून मजबूत केलेली आहे. तिची गोष्ट पत्तीच्या वेळी येईल.

स्क्वीजी: पैसा इथं घाला

फरशीचा काळा फोमचा वायपर आणि काचेची स्क्वीजी ही वेगळी अवजारं आहेत. फरशीच्या वायपरची धार जाड आणि स्पंजासारखी असते, ती काचेवर पाण्याच्या रेघा सोडते. काचेच्या स्क्वीजीत पितळी, स्टीलच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या पन्हाळीत एकच पातळ रबर असतं आणि त्याची कड चौकोनी, धारदार असते. सारा खेळ त्या कडेचा आहे.

मापं दोनच घ्या, 25 सेंटिमीटर आणि 35 सेंटिमीटर. सरकत्या खिडकीचा पल्ला सहसा दीड ते दोन फूट रुंद असतो. 35 चं दोन ओढींत बसतं, 25 चं अरुंद पल्ल्याला आणि दारांना. शोरूमचा ठराव हाती आल्यावर 45 घ्या, त्याआधी नको. मोठं माप म्हणजे काम झटपट असं वाटतं, पण हात बसलेला नसताना 45 ची स्क्वीजी एका टोकाला दाब सोडते आणि तिथं पाण्याची रेघ राहते. संडास-बाथरूमच्या तिरक्या काचपट्ट्यांना कुठलीच स्क्वीजी घेऊ नका, तिथं फडकंच बरं.

मूठ अशी घ्या की पन्हाळ सुटी होऊन दुसरी लावता येईल. मग एका मुठीत दोन-तीन मापं चालतात. उंगर, एटोरे, मोअरमन, पुलेक्स ही परदेशी नावं ऑनलाइन मिळतात. हाउसकीपिंगचं सामान विकणाऱ्यांकडे देशी आणि चिनी मालही असतो. पन्हाळ देशी चालेल. मात्र ती सरळ आहे का ते दुकानातच काचेच्या काउंटरवर ठेवून बघा. मधे उजेड दिसला तर परत द्या. रबर मात्र चांगल्या कंपनीचंच घ्या, आणि पहिल्याच दिवशी दोन सुटी रबरं जादा घ्या.

रबरात मऊ आणि कडक असे दोन प्रकार येतात. मऊ रबर थंड हवेसाठी असतं. आपल्याकडं मे महिन्यात पारा 42 च्या पुढं जातो. त्यात मऊ रबर आणखी ढिलं पडतं आणि काचेवर अडखळतं. कडक मागा. बसवताना रबर पन्हाळीच्या दोन्ही टोकांबाहेर साधारण 3 मिलिमीटर राहू द्या. त्यानं कोपऱ्यातलं पाणी निघतं आणि धातू फ्रेमला घासत नाही. धार गेली का, ते डोळ्यांपेक्षा नखाला आधी कळतं. कडेवरून नख हलकेच ओढा. कुठं अडलं, कुठं गोल लागलं, तर रबर काढून उलटं बसवा, दुसरी कोरी कड मिळते. तीही गेली की फेका. झिजलेलं रबर आणखी महिनाभर ओढण्यात काही वाचत नाही. त्या रेघा पुसायला जो वेळ जातो त्याची किंमत रबरापेक्षा जास्त होते.

आता वापरायचं कसं, थोडक्यात. काच ओली केली की वरची दोन बोटं रुंद पट्टी फडक्यानं कोरडी करा. स्क्वीजी त्या कोरड्या पट्टीवर टेकवून सरळ खाली ओढा. ओल्या जागेवर टेकवली की पहिल्या इंचातच रेघ पडते. दुसरी ओढ पहिलीवर दोन इंच चढवून घ्या. प्रत्येक ओढीनंतर रबर फडक्यानं पुसा. नागमोडी हात चालवायची घाई पहिल्या महिन्यात नको, ते शोरूमच्या मोठ्या काचेवर हळूहळू येतं.

जड पाण्यातही स्क्वीजी चालते, कारण ती पाणी वाळू देत नाही, उचलून नेते. पाणी उरतं ते कडेला आणि खाली ओघळतं ते. म्हणून उन्हातली काच टाळायची. पश्चिमेच्या खिडक्या सकाळी, पूर्वेच्या दुपारनंतर. उन्हाळ्यात काम सहाला सुरू करून दहापर्यंत आटोपा. तापलेल्या काचेवर तुम्ही स्क्वीजी उचलेपर्यंत पाणी वाळून जातं, आणि ते जड असेल तर तुम्हीच डाग पाडून येता.

काच ओली करायला काय, आणि पाण्यात काय

ओली करायला टी-आकाराची दांडी आणि तिच्यावर चढवायची केसाळ खोळ मिळते. स्क्वीजीच्याच मापाची घ्या, 35 ची. खोळी दोन असू द्या. आपल्याकडची धूळ काळ्या मातीची, ओली झाली की लगेच चिखल. एका घरात खोळ काळी पडते. तीच पुढच्या घरात बुडवली तर पाणी काचेवर जायच्या आधीच घाण झालेलं असतं.

खास आयताकृती बादली लांबट स्क्वीजी बुडवायला सोयीची असते, पण पहिल्या दिवशी ती नसली तरी अडत नाही. पेंटचा वीस लिटरचा रिकामा डबा स्वच्छ धुऊन घ्या. कडा गुळगुळीत करा, नाहीतर खोळ फाटते.

पाण्यात भांड्याच्या लिक्विडचा एक चहाचा चमचा, पाच लिटरला. एवढंच. साबणाचा उपयोग रबर काचेवर सरकायला होतो, स्वच्छतेचं निम्मं काम घासण्यानंच होतं. फेस जास्त झाला की कडेला पांढुरकी साय राहते. कमी झाला की रबर ‘टर्र टर्र’ करत उड्या मारतं. कपड्याच्या वडीचा कीस घालू नका. जड पाण्यात वडीचा साबण कॅल्शियमशी जुळून चिकट थर बनवतो आणि तोच काचेवर बसतो. कपड्याच्या पावडरीतला सोडाही मागं राहतो. ऑफिसच्या कामाला टास्की आर३सारखं तयार द्रावण चालतं, डब्यावर लिहिलंय तेवढंच पातळ करा. फिल्म लावलेल्या काचेला अमोनिया असलेलं काहीही नको.

फडकी

मायक्रोफायबरची 40 बाय 40 ची दहा-बारा फडकी घ्या. कडा पुसायला वेगळा रंग, फ्रेमला वेगळा आणि खाली पडलेलं पाणी टिपायला वेगळा. रंग ठरवून द्या, म्हणजे मदतीचा पोरगा ट्रॅक पुसलेलं फडकं काचेला लावणार नाही. धुताना कपडे मऊ करणारं लिक्विड टाळा, त्यानं फडकं पाणी शोषेनासं होतं. बोअरच्या पाण्यात धुऊन-धुऊन फडकी पापडासारखी कडक होतात, तेव्हा शेवटचा हात जारच्या पाण्यात मारा.

शेवटच्या पुसण्याला माझी पसंती जुन्या सुती धोतराला. मायक्रोफायबर नसलं तर हेच, आणि असलं तरी हे. शंभरदा धुतलेलं धोतर तंतू सोडत नाही, पाणी ओढतं आणि आजोबांच्या ट्रंकेतून फुकट मिळतं. नवं सोलापुरी टॉवेल मात्र बुचकाभर लव सोडतं. पेपरचा बोळा काचेला चालतो, पण पांढऱ्या यूपीव्हीसी (कडक प्लास्टिकच्या) फ्रेमवर शाई उतरते आणि मग ती काढत बसावं लागतं.

पत्ती आणि डाग: नफा इथं, नुकसानही इथंच

नव्या बांधकामाची खिडकी म्हणजे पुट्टीचे शिंतोडे, पेंट, सिमेंट, स्टिकरचा गोंद. यासाठी पत्तीचा स्क्रॅपर लागतो. छोटा दीड इंची खिशात आणि मोठा चार-सहा इंची बॅगेत. पत्त्यांची पाकिटं जास्त घ्या, गंजलेली पत्ती पुन्हा वापरू नका.

नियम थोडेच आहेत, पण ते मोडले की काच भरून द्यावी लागते. काच साबणाच्या पाण्यानं चिंब असली पाहिजे. पत्ती एकाच दिशेनं पुढं न्यायची, उचलायची, पुन्हा पुढं. मागं ओढली की पत्तीखाली अडकलेला खडा सगळ्या काचेवर ओरखडा काढत येतो. सुरुवात नेहमी खालच्या कोपऱ्यात दोन इंचांच्या चौकोनात करा आणि कान द्या. नुसती ‘सर्र’ आली तर पुढं जा. ‘खर्रर्र’ असा दाणेदार आवाज आला, बोटाला बारीक पुळ्यांसारखं लागलं, तर थांबा. टफन्ड काच भट्टीत तापवताना कधीकधी काचेचीच बारीक कणी तिच्यावर चिकटून राहते. पत्ती फिरवली की ती कणी सुटून पत्तीखाली येते आणि ओरखडे पाडते. अशा काचेवर पत्ती नाही. त्यापेक्षा गिऱ्हाईकाला त्याच वेळी बोलावून कणी दाखवा. लेपाच्या बाजूला आणि फिल्मवर तर पत्ती कधीच नाही.

काम सुरू करण्याआधी प्रत्येक काचेचा मोबाइलवर फोटो काढा. जुने ओरखडे काच धुतल्यावरच दिसतात, आणि ते तुमच्याच नावावर जातात.

पांढऱ्या क्षारांच्या डागांना पत्ती नको, आम्ल लागतं, पण सौम्य. किराणा दुकानातलं लिंबूसत्व म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड, अर्ध्या लिटर पाण्यात एक मोठा चमचा. फवारणीच्या बाटलीतून मारा, पाच-दहा मिनिटं ओलं ठेवा, पॅडनं घासा, साध्या पाण्यानं धुऊन काढा. बहुतेक ताजे डाग एवढ्यानं जातात. संडास धुवायच्या अ‍ॅसिडची बाटली काचेजवळ नेऊ नका. ते अ‍ॅल्युमिनियमचा रंग उडवतं. आणि खिडकीखालची पट्टी बघा. आपल्याकडं तिथं कोटा, कडाप्पा किंवा शहाबादी असते. तिन्ही चुनखडीचेच दगड. लिंबूसत्वाचा ओघळसुद्धा त्यांच्यावर पांढरा, न जाणारा चट्टा पाडतो. खाली प्लास्टिक आणि वर ओलं फडकं पसरल्याशिवाय बाटली उघडायची नाही.

वर्षानुवर्षं कूलरचं पाणी ज्या काचेवर उडलंय, तिथले डाग लिंबूसत्वानंही जात नाहीत. सेरियम ऑक्साइडची पॉलिश मिळते, पण ते वेगळं काम आणि वेगळा दर. काचच खाल्ली गेली असेल तर पॉलिशनंही ती परत येत नाही. दर सांगताना ही अट कागदावर असू द्या.

जाळी, ट्रॅक आणि फुफाटा

या भागाला लोक सामान घेताना विसरतात, आणि घरगुती कामात निम्मा वेळ इथंच जातो. सुक्या ट्रॅकवर आधी पाणी ओतलं की काळ्या मातीचा चिखल खाचेत घट्ट बसतो. म्हणून आधी कोरडं काम. दीड-दोन इंची रंगाचा ब्रश, एक जुना टूथब्रश आणि छोटा व्हॅक्यूम. व्हॅक्यूम नसेल तर तेवढाच एक खर्च पुढं ढकलू नका असं मी म्हणेन. ब्लोअर स्वस्त पडतो, पण तो सगळी धूळ गिऱ्हाईकाच्या पलंगावर नेऊन टाकतो. सोबत वीस-पंचवीस फुटांची एक्स्टेन्शन वायर घ्या.

जाळी काढून बाथरूममध्ये मऊ ब्रशनं धुवा. तिची खालची रबरी दोरी निसटली तर परत दाबायला छोटा रोलर हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, तो बॅगेत असू द्या. कबुतरांची विष्ठा कधीही कोरडी खरवडू नका. आधी भिजवा, तोंडाला एन-95 मास्क लावा, मग काढा.

दांडी, शिडी आणि कुठं ‘नाही’ म्हणायचं

घडीची अ‍ॅल्युमिनियम दांडी, दोन भागांची, उघडल्यावर अडीच मीटर. तळमजल्याच्या शोरूमला एवढी पुरते. चार मीटरची घेतली तर जमिनीवर उभं राहून पहिल्या मजल्याची काच गाठता येते. पण आधी छोटी घ्या, लांब दांडीच्या टोकाला स्क्वीजी सरळ धरणं हा सरावाचा भाग आहे. टोकाचा कोन तुमच्या स्क्वीजीच्या मुठीत घट्ट बसतो का, ते घेण्याआधी लावून बघा.

दांडी उचलायच्या आधी मान वर करा. आपल्याकडच्या जुन्या वस्त्यांत 11 हजार व्होल्टची तार गॅलरीपासून हातभर अंतरावरून गेलेली दिसते. अ‍ॅल्युमिनियम वीज वाहतं, कार्बन फायबरही वाहतं. फायबरग्लासची दांडी बरी, पण ओली झाली की तिच्यावरही भरवसा नको. तार जवळ असेल तर ती बाजू सोडा आणि गिऱ्हाईकाला कारण सांगा.

दुसरी गोष्ट, छज्जाखाली आग्या मोहोळ आहे का ते बघा. मोहोळ असेल तर त्या दिवशी त्या भिंतीचं काम नाही. पाण्याचे शिंतोडे आणि हलणारी दांडी एवढं त्याला पुरतं.

शिडी विकत घेऊ नका, निदान सुरुवातीला. मोटारसायकलवर ती नेता येत नाही. घरातल्या कामाला पेंटरकडं असतो तसा घोडा लागतो, तो बहुतेक सोसायट्यांत आणि शोरूममध्ये असतोच. बाहेरची लांब शिडी दिवसाच्या भाड्यानं मिळते. टेकवताना हिशेब सोपा: चार फूट उंचीला एक फूट पाया बाहेर. खाली माणूस धरून उभा पाहिजे, आणि तो मोबाइल बघत उभा नको.

दोन मजल्यांच्या वर बाहेरून लटकून काम घेऊ नका. दोर, हार्नेस, दोर बांधायचा भक्कम अँकर, त्याचं प्रशिक्षण आणि विमा असा तो वेगळा धंदा आहे. हार्नेस घ्यायचाच असेल, म्हणजे गच्चीच्या कडेला किंवा गॅलरीत वाकून काम असेल, तर आयएस 3521 चा शिक्का असलेला पूर्ण अंगाचा घ्या. नुसता कमरेचा पट्टा नको. पडल्यावर सगळा झटका कमरेवर येतो. हेल्मेट आयएस 2925 चं. हार्नेस अडकवायला भक्कम जागा नसेल, तर तो नुसता अंगात घालून उपयोग काय?

शुद्ध पाण्याची लांब दांडी घ्यावी का?

पुन्हा व्हिडिओतल्या त्या दांडीकडं. ब्रशमधून जवळजवळ शून्य टीडीएसचं पाणी सोडायचं, घासायचं आणि पुसायचं नाही. पाण्यात काही नसल्यानं वाळल्यावर डाग राहत नाही. तत्त्व पक्कं आहे, अडचण हिशेबात आहे.

असं पाणी करायला मिश्र रेझिनचं (पाण्यातले क्षार धरून ठेवणाऱ्या दाण्यांचं) सिलिंडर लागतं. एक लिटर रेझिन साधारण 25 ग्रॅम क्षार धरतं, मग संपतं. तुमच्या बोअरचा टीडीएस 1000 असेल, म्हणजे लिटरमागं एक ग्रॅम, तर एक लिटर रेझिनमधून 25 लिटर पाणी निघतं. ब्रश मिनिटाला दीड-दोन लिटर ओततो. म्हणजे पाव तासात रेझिन संपलं! आधी आरओ लावून टीडीएस 60 वर आणला तर तेच एक लिटर रेझिन 400 लिटर देतं, म्हणजे परवडतं. पण आरओ एका लिटरमागं दोन-तीन लिटर पाणी बाहेर टाकतो. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणून प्यायलेलं लातूर आहे हे. तिथं मे महिन्यात काचा धुवायला गटारात पाणी सोडणारा माणूस दुसऱ्यांदा बोलावला जाईल असं मला वाटत नाही.

त्यामुळे ही दांडी पहिल्या वर्षी नको. एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्याचा ठराव मिळाला, त्यांच्याकडं बॉयलरसाठी शुद्ध पाण्याची यंत्रणा आधीच असली आणि ते पाणी द्यायला तयार असले, तर चित्र बदलतं. तेव्हा दांडी आणि ब्रश एवढंच घ्यावं लागेल. विचारायला लाजू नका.

पैसे आणि बांधणी

शिडी आणि हार्नेस सोडून वरचं सगळं, म्हणजे दोन मापांची स्क्वीजी, जादा रबरं, दोन खोळी, अडीच मीटर दांडी, दोन स्क्रॅपर, फडकी, टीडीएस मीटर, ब्रश आणि छोटा व्हॅक्यूम, माझ्या अंदाजानं दहा ते पंधरा हजारांत बसतं. तंगी असेल तर दांडी महिनाभर थांबवा. रबर आणि फडक्यांत मात्र काटकसर नको. स्क्वीजी हातात धरून घ्यायची असेल तर संभाजीनगरला शहागंज-गुलमंडीच्या आसपास, लातूरला गंजगोलाईत किंवा नांदेडला वजिराबादेत आधी हार्डवेअर आणि हाउसकीपिंगची दुकानं पालथी घाला, मग उरलेलं ऑनलाइन मागवा. सुटं रबर दुकानात कायम मिळेल का, ते पहिल्याच भेटीत विचारा. जी पन्हाळ घ्याल तिचं रबर पुढच्या वर्षी मिळत नसेल तर पन्हाळही भंगारात जाते.

गाडीवर दांडी आडवी बांधू नका, हँडलला समांतर तर मुळीच नको. सीटच्या बाजूनं उभी, दोन ठिकाणी रबरी पट्ट्यानं. जार पायाजवळ बसतो म्हणून मोपेड सोयीची पडते. पत्त्या बंद डबीत, वापरलेल्या पत्त्या वेगळ्या बाटलीत. लिंबूसत्वाच्या बाटलीवर नाव लिहा, ती पाण्याच्या बाटलीसारखी दिसते. आणि उन्हाळ्यात स्क्वीजी गाडीच्या डिक्कीत विसरू नका. काम झालं की रबर साध्या पाण्यानं धुऊन, पुसून, सावलीत सपाट ठेवा. पन्हाळ कशावर तरी टेकवून धार खाली दाबून ठेवली तर सकाळी रबर वाकडं मिळतं.